वाढत्या अंगाचा पाय

“पाय माणसांना असतात नाना, कपाटांना नाही. आणि असलेच तर चार असतात, चारशे चाळीस नाही,” असं म्हणत सुनेनं लोखंडी कपाटातला दुसरा गठ्ठा ओढून खाली घेतला.

“चारशे बारा,” नाना म्हणाले.

“बरं, चारशे बारा. फार मोठा फरक पडला.”

“अठ्ठावीस पायांचा पडला.”

दारात रद्दीवाला तराजू खांद्याला लावून उभा होता. त्याला दहाला बोलावलं होतं. आता पावणेअकरा झाले होते आणि त्याच्या पोत्यात अजून कागदाचा एक कपटाही पडला नव्हता.

“ताई, देताय का मी पुढची गल्ली करून येऊ?”

“थांब,” सून म्हणाली.

“जा,” नाना म्हणाले.

दोघं एकाच वेळी बोलले. रद्दीवाला समजूतदार होता. तो पायरीवर बसला.

भांडण आजचं नव्हतं, तीन आठवड्यांचं होतं. घर दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघर वेगळं. त्याशिवाय मागच्या बाजूला एक अडगळीची खोली, आठ बाय नऊची. नात यंदा बारावीच्या परीक्षेला बसणार होती आणि तिचा अभ्यास पुढच्या खोलीत चालायचा. तिथे नानांची खाट, टीव्ही आणि मुलानं दोन महिन्यांपूर्वी घेतलेला सोफा होता. सोफा इतका मोठा की त्याच्यासाठी दार बिजागऱ्यांवरून उतरवावं लागलं होतं. मुलगा विमा कंपनीत कारकून. आठवडाभर लाकडी खुर्चीवर बसून तो दमायचा, म्हणून रविवारी सोफ्यावर आडवा व्हायचा. सोफ्यावरचं प्लास्टिक त्यानं अजून काढलेलं नव्हतं. सोफा आला त्या दिवशी त्याची बहीण बघायला आली आणि हात फिरवून म्हणाली, “दादा, तुम्हाला कधी नकोसा झालाच तर दुसरीकडे देऊ नकोस हं.” ते सुनेनं ऐकून ठेवलं होतं. ती ऐकलेलं सहसा विसरत नसे.

मागच्या खोलीत पोरीला टेबल टाकून द्यायचं हे सगळ्यांना मान्य होतं. नानांनाही. आपला सुतारकामाचा बाक त्यांनी स्वतःच उचलून गच्चीच्या जिन्याखाली नेला होता, हत्यारांची पेटी खाटेखाली सरकवली होती. अडलं होतं कपाटापाशी. कपाट होतं तर टेबल बसत नव्हतं आणि टेबल बसवायचं तर कपाट ठेवायला जागा नव्हती.

“मी सांगतो ते ऐका,” पुढच्या खोलीतून सोफ्यावरूनच मुलगा ओरडला. “सगळ्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढू. एका खिशात मावतील.”

“फोटोत माप येतं का?” नाना म्हणाले.

मुलानं टीव्हीचा आवाज वाढवला.

नाना हाताचे सुतार आणि पोटापाण्याचे पायवाले. तेविसाव्या वर्षापर्यंत ते खुर्च्या-टेबलं करत. मग लढाई लागली आणि चौदा महिने चालली. मोठ्या इस्पितळामागे मोडक्या खाटा टाकायची एक पत्र्याची शेड होती. तिथल्या खाटा बाहेर काढून लाकडी पाय करण्याचं वर्कशॉप उघडलं. माणूस कुठून आणायचा? इस्पितळातल्या साहेबांनी नानांना विचारलं, “खुर्चीचे पाय येतात ना?” नाना “हो” म्हणाले. “मग माणसाचेही येतील,” साहेब म्हणाले. एवढीच त्यांची मुलाखत. त्यानंतर छत्तीस वर्षं ते त्या शेडमध्ये होते.

त्या काळी माप घ्यायची रीत साधी होती. जमिनीवर जाड खाकी कागद पसरायचा, त्यावर माणसाला झोपवायचं आणि त्याचा शाबूत पाय पेन्सिलीनं कडेकडेनं आखून घ्यायचा. मग दर दोन इंचांवर फितीनं घेर मोजून तिथंच लिहायचा. कागद उलटा केला की दुसऱ्या पायाचा आकार मिळाला. ऐकायला सोपं, पण पेन्सिल जरा आत कलली तर पाय रोडावतो आणि बाहेर कलली तर सुजतो. नानांची पेन्सिल कधी कलली नाही. वर्कशॉपात त्यांना सगळे ‘ओळंबा’ म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा.

पेन्सिल कागदावरून उचलण्याआधी ओळंबा प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, “या पायानं काय काय करायचास?” आणि उत्तर कोपऱ्यात, नंबराखाली लिहायचा. डॉक्टर हसत. नाना म्हणत, “खुर्ची करतानाही विचारतोच की, जेवायला हवी का वाचायला.” कागदांवर नावं नव्हती. नावं इस्पितळाच्या फायलींत होती. पुढे प्लास्टिकचे पाय आले, फायली आणि कागद दोन्ही जाळायला निघाले. फायलींना हात लावायची नानांची छाती झाली नाही. कागद त्यांनी सायकलवरून तीन खेपांत घरी आणले.

घरात मात्र ते यातलं फारसं बोलले नाहीत. बायको होती तोवर तिचा दंडक होता, “जेवताना पाय नकोत.” आणि घरातली चार माणसं एकत्र यायची ती जेवतानाच. त्यामुळे दुसऱ्या कुणाचा बाप खिडक्या करतो तसा आपला बाप पाय करतो, एवढंच धरून मुलगा मोठा झाला. एकदम इतके पाय कुणाला कशाला लागले होते, हे त्यानं कधी विचारलं नाही.

तरी नानांची नजर कायम खालीच असायची. जिन्यावर कोण येतंय ते पावलांवरून सांगत. समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांना त्यांनी आयुष्यात एकच सल्ला दिला, “डावा बूट आतून झिजलाय, बदला.” सुनेला बघायला गेले तेव्हा बाकीच्यांनी शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला. नानांनी तिला दारापर्यंत चालताना बघितलं आणि म्हणाले, “तुला फार वेळ उभं राहावं लागतं का गं?” ती तेव्हाही औषधाच्या दुकानात काउंटरला होती. लग्नानंतर आठच दिवसांनी त्यांनी तिला वीतभर उंचीचा एक लाकडी ठोकळा करून दिला. काउंटरमागे ठेवायचा, अर्धा तास एक पाय त्यावर, अर्धा तास दुसरा. एकोणीस वर्षं झाली. दुकानाचा मालक बदलला, काउंटर बदललं, ठोकळा तोच होता. सुनेच्या बरोबरीच्या बायकांच्या पायांवर शिरांची जाळी उठली होती. तिच्या नाही.

हे सगळं तिला ठाऊक होतं. म्हणूनच ती जास्त चिडली होती. परक्या माणसाशी भांडणं सोपं असतं.

“मला का हौस आहे?” ती म्हणाली. “पोरीनं अभ्यास कुठं करायचा ते तुम्हीच सांगा. बाथरूममध्ये?”

“मी कुठं नाही म्हणतोय?”

“‘हो’सुद्धा म्हणत नाही ना!”

एवढ्यात नात आली. उंचीनं बापाच्या बरोबर आली होती आणि अजून थांबायचं नाव नव्हतं. दर सहा महिन्यांनी तिच्या पँटी घोट्याच्या वर जात. शिंप्याला सुनेचा निरोप ठरलेला असे, वाढत्या अंगाचं शिवा, खाली चार बोटं दुमड ठेवा. पोरगी गठ्ठ्याशेजारी बसली, वरचा कागद उलगडला आणि कोपऱ्यातलं वाचायला लागली.

“‘सायकल. उजवा पाय आधी टाकतो.’ अय्या! ‘झोपाळ्याला पायानं झोका देतो. मुलगी लहान आहे.’ ‘लग्नात नाचतो. बायको म्हणते, वाईट नाचतो.’” ती खो खो हसली. “आजोबा, हे तुम्ही लिहिलंय?”

“मग? त्याची बायको शेजारीच उभी होती. म्हणाली, पाय द्या पण नाचणारा देऊ नका.”

पायरीवरचा रद्दीवालाही हसला. सुनेलाही हसू आलं, पण तिनं ते दुसरीकडे वळून उरकलं.

बाहेर टीव्हीवर नकाशा दाखवत होते. नकाशावर लाल बाण होते आणि एक माणूस घसा ताणून ओरडत होता. गेला आठवडाभर हेच चाललं होतं. सीमेवर गोळीबार झाला होता, बोलणी फिसकटली होती.

“एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे म्हणावं,” सोफ्यावरून मुलगा म्हणाला.

“खरंच,” नात कागदाची घडी घालत म्हणाली. “आमच्या वर्गात सगळे तेच म्हणतात. होऊनच जाऊ दे एकदा. दहा-पंधरा दिवसांचं तर काम आहे.” मग ती आजोबांकडे बघून मिश्कील हसली. “आणि आजोबा, तुमचाही धंदा परत चालू होईल.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला वाटलं, आजोबा हसतील.

नाना हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी कपाटाच्या मागून एक जुनी गुंडाळी काढली, खाकी कागद जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली. एक त्यांचा चष्म्याचा डबा, दोन कुलपं आणि चौथं काही मिळेना म्हणून रद्दीवाल्याचं किलोचं माप.

“झोप यावर,” ते म्हणाले.

“मी? कशाला?”

“झोप तर.”

नात हसत हसत झोपली. गुडघ्यावर हात टेकत नाना खाली बसले. कानावरची पेन्सिल घेतली, उभी धरली. फीत शेजारी ठेवली आणि पेन सुनेपुढे धरलं.

“मी सांगतो ते लिहीत जा सूनबाई. उजवा पाय आखतोय. डावा नाही, असं धरून चालायचं.”

सुनेनं पेन घ्यायला पुढे केलेला हात जरा थांबला. मग तिनं पेन घेतलं.

पेन्सिल मांडीपासून निघाली. गुडघ्याशी ती वळली, पोटरीवरून खाली आली. “गुदगुल्या होतात!” नात ओरडली. “सगळ्यांनाच होतात,” नाना म्हणाले. “हलू नकोस, पाय सुजेल.” टाचेला वळसा घालून पेन्सिल बोटांशी आली, एकेक बोट करत पलीकडे गेली. नाना आकडे सांगत होते. सून लिहीत होती. पोरीच्या नडगीवर लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण होती. फीत नेमकी तिच्यावरून गेली.

“या पायानं काय काय करतेस?” नानांनी विचारलं.

“काय करते म्हणजे? चालते.”

“चालतात सगळेच. आणखी?”

“स्कूटरला किक मारते. नाचते. बसमध्ये पुढच्या सीटच्या दांडीवर पाय ठेवते, कंडक्टर ओरडतो.” ती जरा थांबली. “झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर काढते. त्याशिवाय झोपच येत नाही.”

“बाहेर काढते तो कुठला?”

नातीनं क्षणभर विचार केला. “डावा,” ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

नानांनी लिहून घेतलं. मग सवयीनं त्यांची पेन्सिल वरच्या कोपऱ्याकडे गेली, नंबर टाकायला. सुनेनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. नानांनी पेन्सिल परत कानावर ठेवली.

“उठ,” ते पोरीला म्हणाले. मग ते कपाटाशी गेले, अगदी खालच्या कप्प्यात हात घातला आणि न शोधता दोन कागद काढले. एकमेकांत गुंडाळलेले. त्यातला एक पोरीच्या कागदावर ठेवून त्यांनी टाचेशी टाच जुळवली आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर उजेडात धरले. रेषा जवळजवळ एकावर एक बसल्या. गुडघ्याशी काय ते थोडं सुटत होतं.

“हा कोण?” नातीनं विचारलं.

“मी त्याला उडी म्हणायचो. वाच कोपऱ्यात.”

“‘उड्या मारतो. भिंतीवरून.’”

“फॉर्मवर वय एकोणीस होतं. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. पाय करून दिला, चालवून बघितला, हसत घरी गेला. आठ-नऊ महिन्यांनी लंगडत परत आला. म्हणाला, तुमचा पाय आखूड आहे. साहेबांनी मला चारचौघांत झापलं, मापात चुकलास म्हणून. मी म्हटलं, कागद काढतो. त्याला परत त्याच कागदावर झोपवलं, तर त्याचा चांगला पाय रेघेच्या बाहेर.” नानांनी त्या वेळी नव्यानं आखलेला दुसरा कागद पहिल्यावर ठेवला. टाच जुळत होती, गुडघा जुळत नव्हता. “सव्वा इंच. रेघ बरोबर होती. पोरगं वाढलं होतं.”

पुढच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी झाला होता.

“त्याला बाजूला घेऊन विचारलं, खरं वय सांग. म्हणाला, कुणाला सांगू नका, पेन्शन बंद करतील. मोठ्या भावाचा दाखला दाखवून भरती झाला होता. पाय गेला तेव्हा सोळा संपून सतरावं लागलं होतं. आधी सव्वा इंच, मग आणखी अर्धा, असा तीनदा आला तो. दर वेळी मी टाचेखाली लाकडाची चकती वाढवायचो. शेवटचा आला तेव्हा चांगला बाप्या झाला होता. तक्रार घेऊनच आला, म्हणे सिनेमात शांत प्रसंग आला की गुडघ्याचा पट्टा कर्रर्र वाजतो, सगळे मागे वळून बघतात.”

“मग?”

“मग काय, मेण लावलं.”

नात दोन कागदांमधल्या त्या सव्वा इंचावर बोट फिरवत होती.

“म्हणजे माप चुकलं होतं,” ती हळूच म्हणाली, “पण तुमचं नाही.”

“मी धरून चाललो होतो की लढाईला जातात ती पुरती वाढलेली माणसं असतात. तिथे चुकलो. त्यानंतर चेहरा कोवळा दिसला की मी पायाबरोबर दोन चकत्या पिशवीत घालून द्यायचो. डॉक्टर हसायचे, शिपाई काय वाढतात का? मी म्हणायचो, असू द्या साहेब, मी वाढत्या अंगाचा केलाय.”

सून एकदम उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून भांड्यांचा नेहमीपेक्षा जास्त आवाज आला. मग परत बाहेर आली, रद्दीवाल्याच्या पोत्यात महिन्याची वर्तमानपत्रं कोंबली, त्याचं किलोचं माप त्याला परत दिलं आणि म्हणाली, “एवढंच आहे.”

“आणि ते कागद?”

“ते रद्दी नाहीत.”

दुपारपर्यंत नात मागच्या खोलीतून हलली नाही. एकेक कागद काढून विचारत होती, या झोपाळेवाल्याचं पुढं काय झालं? हा पोहायचा, तो परत पोहला का? बहुतेकांना नानांचं उत्तर एकच होतं, “ठाऊक नाही गं. पाय नीट बसला की माणूस कशाला परत येतो?” पण मधूनच एखादा त्यांना आठवायचा आणि मग खोलीतून हसण्याचा आवाज यायचा. मुलगा दोनदा पाणी प्यायच्या निमित्तानं दारापर्यंत येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आत येऊन उकिडवा बसला, एक कागद हातात घेतला आणि त्यावरचं बापाचं अक्षर बघत राहिला. “नाना, हा नंबर सतरा,” शेवटी तो म्हणाला, “तुम्ही ज्याला ‘सतरा’ म्हणायचात तोच ना, आपल्याकडे यायचा तो? मला गोळ्या द्यायचा?”

“तोच. तुला त्याच्या लाकडी पायावर टकटक करायला फार आवडायचं.”

जेवताना नानांनीच विषय काढला. “सूनबाई, मी काय म्हणतो, एवढे दोन कागद ठेवतो. बाकीचे ने. पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे.”

“मला नको ती खोली,” नात म्हणाली. “मी करीन पुढच्या खोलीत अभ्यास. कपाट राहू दे.”

“कानात बोळे घालून करशील का?” सून म्हणाली. “आणि राहू दे म्हणजे कुठं? मागच्या खोलीत, दार लावून? एकोणीस वर्षं मी या घरात आहे, मला आज कळलं त्यात काय आहे ते. त्यांच्या सख्ख्या मुलाला आज कळलं.”

मुलानं मान खाली घालून घास घेतला. मग सगळं मिटल्यासारखं बघून म्हणाला, “ठीक आहे, तर मग विचार करू पुढच्या रविवारी. निवांत.” आणि त्यानं नेहमीसारखं सोफ्याकडे एकदा बघून घेतलं.

सुनेनं त्याच्या ताटात भाजी वाढली.

“विचार झालाय,” ती म्हणाली. “मागची खोली पोरीची. तिथं टेबल येईल. कपाट पुढच्या खोलीत येईल, दारातून शिरल्या शिरल्या समोर दिसेल असं, आणि त्याला कुलूप लागणार नाही. सोफा तुमच्या बहिणीकडे जाईल. तिला मघाशीच फोन केलाय, चार वाजता टेम्पो येतोय. जेवण झालं की दार उतरवायला घ्या.”